सकाळची उपाशीपोटी गोळी : प्रस्तावना

मेडिकलच्या काउंटरवर ‘पॅन-डीची एक पट्टी द्या’ म्हणणाऱ्याला ‘चिठ्ठी आहे का?’ असं सहसा कुणी विचारत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, अशी सूचना पट्टीवर छापलेली असते. ती घेणाराही वाचत नाही आणि देणाराही. ताप उतरला की पॅरासिटामॉल बंद होतं, खोकला गेला की बाटली कपाटात जाते. पित्ताची गोळी मात्र एकदा घरात आली की दर महिन्याच्या वाणसामानाबरोबर येऊ लागते. तपासायला आलेल्या पेशंटला मी विचारतो, ‘ही गोळी कधीपासून घेताय?’ उत्तर येतं, ‘ती होय? ती चालूच आहे.’ कुणी सुरू केली, कशासाठी केली, किती दिवसांसाठी केली होती, यातलं काहीच आठवत नसतं. पुष्कळदा ती गुडघेदुखीच्या गोळ्यांबरोबर, पोटाला त्रास नको म्हणून दिलेली असते. गुडघ्याच्या गोळ्या बंद होऊन वर्षं लोटतात, पोटाची चालूच राहते.

हे पुस्तक त्या गोळीविषयी आहे, आणि ती ज्या आजारासाठी मुळात हवी त्या आजाराविषयी आहे. जठरातला आम्लरस वारंवार अन्ननलिकेत उलटा येऊन त्रास किंवा इजा करतो, तो हा आजार. डॉक्टर मंडळी त्याला ‘गर्ड’ म्हणतात. छातीच्या मधल्या हाडामागे जळजळ, आंबट ढेकर, घशाशी येणारं पाणी ही त्याची ओळखीची रूपं. रात्रीचा खोकला आणि सकाळचा बसलेला आवाज ही कमी ओळखीची.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. आम्ल दाबणारी औषधं ही विसाव्या शतकात सापडलेल्या फार मोलाच्या औषधांपैकी आहेत. त्यांच्याविषयी पसरलेली भीती बरीचशी अनाठायी आहे, आणि ती घेण्यातली बेफिकिरी तर पूर्णपणे अनाठायी आहे. ज्याला ती लागतात त्याने ती वर्षानुवर्षं निर्धास्तपणे घ्यावीत, ज्याला लागत नाहीत त्याची ती बंद करावीत, आणि कोण कशात बसतो हे चिठ्ठी लिहिणाऱ्याने पहिल्याच दिवशी ठरवावं.

आम्ल हा आपला शत्रू नाही, हे आधी मान्य केलं पाहिजे. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं हे लंडनच्या विल्यम प्राउट यांनी १८२३ मध्ये दाखवलं आणि त्यावर पुढे बरीच वर्षं वाद चालला. आपलं जठर रोज दीड-दोन लिटर रस तयार करतं. अन्नपाण्याबरोबर पोटात गेलेले बहुतेक जंतू त्यात मरतात, प्रथिनं फोडणारं पेप्सिन त्यामुळेच कामाला लागतं, पालेभाजीतलं आणि डाळीतलं लोह अंगी लागण्यासाठी ते हवं असतं, अन्नातलं बी-१२ मोकळं करण्यासाठीही हवं असतं. जठराचं अस्तर हे आम्ल सोसतं, अन्ननलिकेचं सोसत नाही. दोघांच्या मध्ये स्नायूंचं एक कडं असतं. घास उतरताना ते सैल पडतं, एरवी आवळलेलं राहतं. गर्डमध्ये ते नको तेव्हा सैल पडतं, किंवा मुळातच ढिलं झालेलं असतं.

म्हणजे बहुतेक रुग्णांत आम्ल जास्त तयार होत नसतं. व्हायला हवं तेवढंच होतं, पण भलत्या जागी पोचतं. ‘मला अ‍ॅसिड फार होतं’ असं सांगत येणाऱ्याला ही गोष्ट पटवणं अवघड जातं. पण ती एकदा पटली की पुढचं सगळं आपोआप समजतं. गोळीने कडं घट्ट होत नाही. रस वर येतच राहतो, फक्त त्याचा दाहकपणा जातो. ‘डॉक्टर, जळजळ थांबली, पण वाकलं की पाणी येतंच,’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्याची गोळी निकामी ठरलेली नसते. तिच्या हातात होतं तेवढं तिने केलेलं असतं.

या औषधांआधीचे दिवस कसे होते, ते आजच्या वाचकाला माहीत असायला हवं. शिकागोच्या बर्ट्रम सिप्पी यांनी १९१५ मध्ये अल्सरसाठी सांगितलेला उपचार म्हणजे तासातासाला दूध आणि साय, आणि अधूनमधून आम्ल मारणाऱ्या पुड्या. जगभर तो कित्येक दशकं चालला. त्याने भागलं नाही की शस्त्रक्रिया : जठराचा मोठा भाग कापून काढायचा, नाहीतर जठराला आम्ल सोडण्याचा हुकूम देणारी व्हेगस नस तोडायची. आज शिकणाऱ्या तरुण सर्जनला असं ऑपरेशन क्वचितच बघायला मिळतं. अल्सरच्या बाबतीत याचं निम्मं श्रेय पर्थच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना जातं. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे अल्सर होतो हे दाखवल्याबद्दल त्यांना २००५ मध्ये नोबेल मिळालं. उरलेलं श्रेय या पुस्तकातल्या औषधांचं आहे.

त्यातलं पहिलं औषध शुद्ध तर्कातून आलं. हिस्टामिन जठराला आम्ल सोडायला लावतं, हे पहिल्या महायुद्धाच्या काळातच लक्षात आलं होतं. मग सर्दी आणि खाजेवर चालणाऱ्या अँटी-हिस्टामिन गोळ्यांनी आम्ल का कमी होत नाही? जेम्स ब्लॅक यांनी यावरून ताडलं, की पेशींवर हिस्टामिनला प्रतिसाद देणारी आणखी एक वेगळी जागा असली पाहिजे. इंग्लंडमधल्या वेल्विन गार्डन सिटी इथे स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांनी १९६४ पासून या जागेचा पिच्छा पुरवला. १९७२ मध्ये ब्युरिमामाइड जाहीर झालं, पण ते तोंडावाटे घेऊन नीट शोषलं जाईना. पुढच्या मेटियामाइडने काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटू लागल्या, म्हणून तेही सोडावं लागलं. १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये सिमेटिडीन आलं आणि अल्सरच्या रुग्णाला गोळी देऊन घरी पाठवता येऊ लागलं. ब्लॅक यांना १९८८ चं नोबेल मिळालं त्यात या कामाचाही वाटा होता.

त्याच कुळातलं रॅनिटिडीन १९८१ मध्ये आलं. आपल्याकडे रँटॅक, झिनटॅक ही नावं एका अख्ख्या पिढीच्या तोंडी होती. २०१९ मध्ये त्यात एनडीएमए हे कर्करोगाचा धोका वाढवू शकणारं द्रव्य आढळलं, २०२० मध्ये अमेरिकेने ते बाजारातून काढायला लावलं, आणि २०२२ मध्ये भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते वगळलं गेलं. फॅमोटिडीन अजून आहे आणि उपयोगीही आहे. या कुळाची मर्यादा अशी, की रोज घेतलं तर आठवड्या-दोन आठवड्यांत शरीर त्याला सरावतं आणि परिणाम ओसरतो.

दुसरं पाऊल स्वीडनमध्ये पडलं. हिस्टामिन हा आम्लाचा एक हुकूम झाला. हुकूम कुठूनही आला तरी शेवटी आम्ल बाहेर टाकणारा पंप एकच, आणि तो कसा चालतो हे अमेरिकेत जॉर्ज सॅक्स आणि इतर संशोधकांनी उलगडलं होतं. गोटेनबर्गजवळच्या मोल्नडाल इथल्या हेसले कंपनीने या पंपालाच थांबवणारं ओमेप्राझोल १९७९ मध्ये बनवलं. १९८४ मध्ये मात्र काम अडलं. आयुष्यभर मोठे डोस दिलेल्या उंदरांच्या जठरात गाठी आढळल्या आणि माणसांवरच्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. तपासाअंती कारण सापडलं : आम्ल जवळजवळ बंद झालं की शरीर गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढवून जठराला पुन्हा पुन्हा डिवचतं, आणि उंदराचं जठर या गॅस्ट्रिनला फार हळवं असतं. चाचण्या पुन्हा सुरू झाल्या, १९८८ मध्ये औषध बाजारात आलं. उंदरांत दिसलेला तो धोका माणसांत दिसून आलेला नाही. गॅस्ट्रिन मात्र माणसातही वाढतं, आणि गोळी सुटता सुटत नाही त्याचं एक कारण तेच आहे. त्याकडे पुढे येतोच.

ओमेप्राझोलमागून लॅन्सोप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, एसोमेप्राझोल आली. त्यांच्यात फरक आहेत, पण जाहिरातीत सांगतात तेवढे नाहीत. १९७० च्या आपल्या पेटंट कायद्यामुळे भारतीय कंपन्यांना ही औषधं स्वतःच्या पद्धतीने बनवता आली आणि ती गरिबाच्या आवाक्यात आली. याचा अभिमान वाटायला हरकत नाही. किती लागू पडतात? अन्ननलिकेला जखमा झालेल्या रुग्णांवरच्या अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण १९९७ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात जखमा भरण्याचं प्रमाण पंप थांबवणाऱ्या औषधांनी सुमारे ८४ टक्के, तर रॅनिटिडीनच्या कुळातल्या औषधांनी सुमारे ५२ टक्के होतं.

आता या गोळीचं काम जरा जवळून पाहू. इथेच आपल्याकडचे निम्मे घोळ होतात. आम्ल थांबवणारं हे औषध स्वतः आम्लात टिकत नाही. म्हणून गोळीवर आम्लात न विरघळणारा लेप असतो, किंवा कॅप्सूलमध्ये असा लेप दिलेले दाणे असतात. ती चावली किंवा कुटून पाण्यातून घेतली की औषध जठरातच नासतं. लेप शाबूत राहिला तर गोळी आतड्यात विरघळते, औषध रक्तात उतरतं आणि रक्तातून फिरून, म्हणजे मागच्या दाराने, जठराच्या आम्ल बनवणाऱ्या पेशींपाशी पोचतं. या पेशींत अतिसूक्ष्म नळ्या असतात. पंप चालू असेल त्या नळीत आम्ल असतं. त्या आम्लात औषध अडकतं, तिथेच त्याचं रूप बदलतं आणि ते पंपाच्या प्रथिनाला घट्ट चिकटतं. कुलपात किल्ली मोडून अडकावी तसा तो पंप कायमचा बंद होतो. पेशीला नवा बनवावा लागतो. औषध रक्तातून दोन-चार तासांत नाहीसं झालं तरी परिणाम दिवसभर टिकतो, तो यामुळे.

पण जो पंप चालूच नाही, तो औषधाच्या हाती लागत नाही. रात्रभराच्या उपासानंतर पेशींत पंपांचा भरपूर साठा असतो आणि सकाळच्या खाण्याने तो कामाला लागतो. औषध त्या क्षणी रक्तात हजर असायला हवं. म्हणून गोळी खाण्याआधी अर्धा ते एक तास घ्यायची, आणि त्यानंतर खरोखरच खायचं. आपल्याकडे होतं असं : सातला गोळी, लगेच चहा-बिस्कीट, आणि पोळीभाजी थेट बाराला. किंवा रात्री जेवून झोपताना गोळी, म्हणजे पंप निजायला आणि औषध यायला एकच गाठ. शिवाय सगळे पंप पहिल्या दिवशी सापडत नाहीत. पूर्ण परिणाम दिसायला तीन ते पाच दिवस जातात. त्यामुळे ‘जळजळलं की एक टाकायची’ या पद्धतीला ही गोळी फारशी उपयोगाची नाही. तत्काळ आराम हवा असेल तर साधं अँटासिड चांगलं. (खाण्याच्या सोड्याच्या फसफसणाऱ्या पुडीत सोडियम भरपूर असतं; ज्यांना मीठ कमी करायला सांगितलं आहे त्यांनी ती टाळावी.) गोळी लागू पडत नाही म्हणून डोस दुप्पट करण्याआधी ‘किती वाजता घेता?’ एवढा प्रश्न विचारला तर कितीतरी जणांचं काम तिथेच होतं. आणि थायरॉइडची गोळीही सकाळी उपाशीपोटीच घ्यायची असते. दोन्ही चालू असतील तर आम्ल कमी झाल्यामुळे थायरॉइडची गोळी कमी शोषली जाऊ शकते, हे डॉक्टरांच्या कानावर घालावं.

‘पॅन-डी’तल्या ‘डी’विषयीही इथेच बोललं पाहिजे. ते डॉम्पेरिडोन हे दुसरं, स्वतंत्र औषध आहे. मागणाऱ्या बहुतेकांना आपण दोन औषधं घेतो आहोत याचा पत्ताही नसतो. डॉम्पेरिडोनने क्वचित हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात, विशेषतः साठीपुढच्या माणसांत आणि मोठ्या डोसने. युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ मध्ये ते मळमळ-उलटीपुरतं, लहान डोसमध्ये आणि शक्यतो आठवड्याच्या आतच वापरावं असं सांगितलं. साध्या जळजळीसाठी ते वर्षभर घेण्याला मला कसलाही आधार दिसत नाही.

आता भीतीविषयी. या गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात, मूत्रपिंड निकामी होतं, स्मृतिभ्रंश होतो, असे मेसेज घरोघरी फिरतात. त्यामागे खरे अभ्यास आहेत, पण ते बहुतांशी नोंदी चाळून केलेले आहेत. वय जास्त, आजार जास्त, गोळ्या जास्त अशाच माणसांना पित्ताची गोळीही जास्त दिली जाते. मग पुढचं दुखणं गोळीमुळे आलं की मुळातल्या आजारपणामुळे, हे नोंदींवरून सांगता येत नाही. ते सांगू शकणारी मोठी चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे १७,६०० हृदयरुग्णांपैकी निम्म्यांना पँटोप्राझोल आणि निम्म्यांना नकली गोळी देऊन त्यांच्यावर सरासरी तीन वर्षं लक्ष ठेवलं गेलं. फ्रॅक्चर, मूत्रपिंडाचा आजार, स्मृतिभ्रंश यांत लक्षणीय फरक आढळला नाही. पोटाचे जंतुसंसर्ग मात्र थोडे वाढले. आम्लाचं पहारेकऱ्याचं काम बंद पडल्यावर ते व्हायचंच, आणि आपल्याकडच्या पाण्याची अवस्था पाहता आपण ते जास्त मनावर घेतलं पाहिजे. शाकाहारी घरांत बी-१२ आधीच कमी असतं. गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर ते तपासून घ्यावं. मॅग्नेशियम घटणं दुर्मीळ, पण होतं. हृदयासाठी क्लोपिडोग्रेल चालू असलेल्यांनी ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल टाळावं.

माझ्या मते खरी अडचण गोळी सोडताना येते. डेन्मार्कमधला २००९ चा एक अभ्यास प्रत्येक डॉक्टरला पाठ असावा असं मला वाटतं. पित्ताचा कसलाही त्रास नसलेली १२० निरोगी माणसं घेतली. निम्म्यांना आठ आठवडे एसोमेप्राझोल आणि पुढचे चार आठवडे नकली गोळी दिली, उरलेल्यांना बाराही आठवडे नकली. शेवटच्या आठवड्यांत औषध थांबलेल्या गटातल्या ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट पाणी किंवा अपचनाचा त्रास झाला. दुसऱ्या गटात १५ टक्के लोकांना. निरोगी माणसाला दोन महिने गोळी दिली आणि थांबवली, तर त्याला पूर्वी नसलेली जळजळ होऊ शकते! वाढलेलं गॅस्ट्रिन इथे हिशेब चुकता करतं : दाबलेलं जठर मोकळं होताच काही आठवडे नेहमीपेक्षा जास्त आम्ल सोडतं. पेशंट म्हणतो, ‘बघा, बंद केली की लगेच होतंय, म्हणजे मला ती लागतेच.’ गोळी पुन्हा सुरू होते, आणि तिथून ती जन्माची होते. ही उसळी काही आठवड्यांत ओसरते हे आधी सांगितलेलं असलं, मधल्या काळात अँटासिड किंवा फॅमोटिडीनचा आधार दिला, तर बऱ्याच जणांची गोळी सुटते किंवा डोस तरी निम्म्यावर येतो.

काहींची मात्र सोडवू नये. अन्ननलिकेला खोल जखमा झालेल्यांना, आम्लाने अन्ननलिकेचं अस्तरच बदललेल्या ‘बॅरेट’च्या रुग्णांना, पूर्वी अल्सरमधून रक्तस्राव होऊन आता अ‍ॅस्पिरीन किंवा वेदनाशामक घ्यावंच लागणाऱ्यांना ती हवीच. अशा माणसाने एखादा मेसेज वाचून गोळी बंद करणं म्हणजे रक्ताच्या उलटीला आमंत्रण.

गोळीपलीकडच्या उपायांना पुस्तकात एक पूर्ण प्रकरण दिलं आहे, कारण रस वर येणंच ते कमी करतात. पोटाचा घेर उतरवणं हा त्यातला सर्वांत खात्रीचा. मुंबईत लोकलने घरी पोचायलाच नऊ वाजतात, जेवण दहाला आणि अंग टाकणं साडेदहाला. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास राहावेत म्हणून संध्याकाळीच निघण्याआधी पोटभर खाऊन घेणं आणि घरी हलकं खाणं अनेकांना जमतं. रात्री त्रास होत असेल तर पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा-आठ इंचांचे ठोकळे ठेवावेत. दोन उशांनी मान मोडते आणि पोट दाबलं जातं, उपयोग होत नाही. डाव्या कुशीवर झोपावं. तंबाखूने कडं सैल पडतं, आणि त्यात मशेरीही आली. आमच्या कितीतरी माय-बहिणी ती तंबाखूत धरतच नाहीत. एकादशीला तुपातली साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याची आमटी पोटभर खाऊन पित्त झालं, तर दोष उपासाला देऊ नये.

एका बाबतीत मात्र जराही सैलपणा चालणार नाही. छातीत दुखणं, घाम, डावा हात किंवा जबडा भरून येणं, धाप लागणं याला ‘गॅस झालाय’ म्हणून गोळी घेऊन पडून राहू नये. आधी ईसीजी काढावा. मधुमेह्यांत आणि बायकांमध्ये हृदयविकाराचा झटका नुसत्या मळमळीच्या आणि जळजळीच्या रूपातही येतो. तसंच घास अडकणं, आपोआप वजन उतरणं, काळी शौच, रक्ताची उलटी, नव्याने आलेला अशक्तपणा यांतलं काहीही असेल तर गोळी बदलत बसू नये, दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी.

वाचकांना विनंती एवढीच, की हे पुस्तक वाचून कुणी आपली गोळी परस्पर सुरू करू नये आणि परस्पर बंदही करू नये. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा चालू औषधांची यादी न्या आणि पित्ताच्या गोळीवर बोट ठेवून विचारा, ‘ही कशासाठी, आणि कधीपर्यंत?’ माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगणं आहे : चिठ्ठीवर ही गोळी लिहाल तेव्हा तिच्यापुढे कारण लिहा, जेवणाआधी किती वेळ ते लिहा आणि थांबवण्याची किंवा फेरतपासणीची तारीख लिहा.